खामकर बाईंचा रविवार

विजया खामकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि दहाव्या मिनिटाला त्यांच्यावर पडदा पाडला.

सिंगापूरच्या आम्हा मराठी मंडळींचा गणपती होता. हॉल भाड्याचा. लेझीम झालं होतं, पोरांचं नाटुकलं झालं होतं, मोदकांच्या रांगेकडे अर्ध्या लोकांचं लक्ष होतं. मी जन्मभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस. चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झालो आणि तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये एकटा राहिलो. मला कुठल्याही कार्यक्रमात दोरी, शिडी नाहीतर खुर्च्या यांपैकीच काहीतरी देतात. त्या दिवशी पडद्याची दोरी दिली होती. सूत्रसंचालन करणाऱ्या अनघावहिनी पाटणकरांनी "आता एकपात्री" असं जाहीर केलं, आणि चाळिशीच्या, सावळ्या, किडकिडीत अंगाच्या एक बाई रिकामी कढई घेऊन मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

उभ्याच राहिल्या. खाली शेगडी नाही, कढईत तेल नाही. बाई कढईत बघतायत, आणि तेल तापायची वाट बघतात तसा चमच्याचा हात वर धरलाय. पहिलं मिनिट शांतता. दुसऱ्या मिनिटाला खोकले. तिसऱ्या मिनिटाला अनघावहिनी विंगेतून कुजबुजल्या, "नमस्कार मंडळी म्हणा, नमस्कार मंडळी." बाई हलल्या नाहीत. पुढच्या रांगेतले एक आजोबा प्रेमाने म्हणाले, "होतं असं, होतं असं, घाबरू नका." टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी दुसऱ्याच कुठल्या नाटकातलं वाक्य पुरवलं. शेवटी कुणाला तरी राहवेना, त्याने आरतीच धरली आणि अख्खा हॉल टाळ्या वाजवत सामील झाला. आपल्या लोकांचं हे असं आहे, स्टेजवर कुणी अडखळलेलं त्यांना बघवत नाही. मलाही बघवेना. मी दोरी सोडली.

बाई विंगेत आल्या. चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हता. "पडदा कुणी पाडला?"

"मी. तुम्ही विसरलात असं वाटलं मला."

"विसरायला त्यात होतं काय?" त्यांनी कढई पिशवीत घातली. "राहता कुठे तुम्ही?"

मी सांगितलं.

"तोआ पायोह. तुमच्या ब्लॉकखाली खोली असेल ना, रहिवाशांना बुक करता येते ती? मी क्वीन्सटाउनला एका बाईंच्या घरात खोली घेऊन राहते, मला कोण देणार. दर रविवारची हवीय. पडदा पाडलात, आता खोली द्या."

मी दिली. पुढे दोन वर्षं दर रविवारी ती खोली माझ्या नावावर बुक होत होती, आणि बाई तिथे वर्ग घेत होत्या. मला परफॉर्मन्स आर्टमधलं तेव्हाही कळत नव्हतं आणि आताही कळत नाही. माझं काम दाराशी बसायचं, किल्ली सांभाळायची, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचा फोन स्टीलच्या डब्यात ठेवून घ्यायचा.

बाई मूळच्या चिंचवडच्या. शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमिजिएटला सी ग्रेड मिळाली आणि घरच्यांनी तो विषय तिथेच बंद केला. मग कॉम्प्युटर, मग सॉफ्टवेअर टेस्टिंग, मग एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या परवान्यावर, सिंगापूर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या हे त्यांचं काम, आणि तीच सवय त्यांनी रविवारी आणली होती. कुणी काही करून दाखवलं की म्हणायच्या, "पुन्हा. एकदा झालं ते चुकून झालं असेल." पुन्हा केलं की पुन्हा. सेल्वी नावाची तमिळ बाई होती, हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, टेबलं पुसणारी, ती एकदा वैतागून म्हणाली, "टीचर, माय बॉस ऑल्सो नॉट लाइक धिस." बाई खूष झाल्या. त्यांना शिव्या आवडायच्या, कौतुक आवडायचं नाही. कुणी "सुंदर" म्हटलं की नाक मुरडायच्या. "सुंदर करणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे डिग्र्या आहेत."

एकदा कुठल्याशा कलाकेंद्रात त्या आपल्या या वर्गाविषयी सांगायला गेल्या होत्या. तिथल्या मुलीने गोड हसून विचारलं, तुमचं शिक्षण कुठे झालं? बाई म्हणाल्या, चिंचवड. मुलीने फॉर्मवर स्पेलिंग विचारून घेतलं आणि नंतर कधी कळवलं नाही. त्या रात्री बाईंनी इंग्रजीत पत्रक लिहिलं, मग ते मलय आणि तमिळमध्ये करून घेतलं: ज्यांची कातडी काळी-सावळी आहे आणि ज्यांनी कलेच्या शाळेचं दारही पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी. फी नाही. बाकीच्यांनी कृपया दुसरीकडे जावं. मी म्हटलं, शेवटचं वाक्य काढा, भांडखोर वाटतं. म्हणाल्या, "वाटू दे. आपल्याला आयुष्यभर हेच वाक्य हसून सांगितलंय लोकांनी." क्वीन्सटाउनची ती खोली मिळायच्या आधी सात जणांनी त्यांना फोनवरच विचारलं होतं, इंडियन का, मग स्वयंपाकाचा वास येईल. आठवीने खोली दिली ती फोडणी घालायची नाही या अटीवर. कढईचं ते सगळं मला असं सहा महिन्यांनी कळलं.

त्यांची शिकवायची रीत एकच होती. पहिल्या दिवशी तासभर नुसतं उभं करायच्या. दुसऱ्या रविवारपासून सांगायच्या: तुम्ही रोज जे काम करता ते करा, फक्त ज्याच्यासाठी करता तो माणूस काढून टाका. बस, एवढंच. ऐकायला सोपं. मी म्हटलं यात काय आहे. मग सेल्वीने टेबल नसलेलं टेबल पुसलं, अर्धा तास, कोपऱ्यांसकट, आणि शेवटी शेवटी तिचा हात थांबेचना. मी दाराशी बसलेला इंजिनवाला, मला रडू कशाने फुटलं ते सांगता येत नाही. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "चीफ, बाहेर जाऊन नाक शिंकरून या."

हयाती या सगळ्यांत वेगळी. पन्नाशीची मलय बाई, कॉन्डोच्या गेटवर सिक्युरिटी गार्ड. बारा तासांची ड्युटी संपवून युनिफॉर्मवरच यायची. बोलायची जवळजवळ नाहीच. बाईंना चेगू म्हणायची, म्हणजे मलयमध्ये गुरुजी. तिने काय केलं, तर गाडी आल्यावर दांडा वर करायचा, गाडीतल्या माणसाला मान तुकवायची, दांडा खाली करायचा. दांडा नाही, गाडी नाही, माणूस नाही. चाळीस मिनिटं. मधेच एकदा ती मान तुकवायची थांबली. दांडा वर, आणि मान ताठ. मग पुन्हा तुकवली.

बाईंनी तिला "पुन्हा" म्हटलं नाही. दोन वर्षांत तेवढं एकदाच. त्या दिवशी खोली झाडता झाडता मला म्हणाल्या, "चीफ, ही माझ्यापेक्षा मोठी आहे. मी काही नाही हिच्यापुढे. हिला बाहेर न्यायची." हयातीचा जन्म पुलाउ उबीनचा, त्या बेटावर तिच्या आजोबांचं घर होतं. बाईंनी ठरवलं, सगळ्यांनी एका रविवारी बोटीने उबीनला जायचं आणि हयातीने तिथल्या धक्क्यावर हे करायचं, उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत. परवानगी काढावी लागेल म्हणून कागदपत्रं बाईंनी स्वतःच्याच नावाने भरली. बारा माणसं झाल्याशिवाय तिथली बोट सुटत नाही, आणि आम्ही मला धरून बरोबर बारा होतो. बाई ते बोटांवर पुन्हा पुन्हा मोजायच्या आणि हसायच्या. त्यांना एवढं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

आता माझी गोष्ट येते. मला ती टाळता आली असती तर टाळली असती.

उबीनच्या दोन महिने आधी बाईंनी पहिल्यांदाच स्वतः करून दाखवलं. आल्या त्या ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. समोर एक रिकामी खुर्ची ठेवली आणि तिच्यापुढे वार्षिक मूल्यमापनाला बसतात तशा बसल्या. मान हलवतायत, हसतायत, वहीत लिहून घेतायत, पुन्हा हसतायत. हळूहळू ते हसणं चेहऱ्यावर तसंच राहून गेलं आणि डोळे मात्र पार विझले. बघवत नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र गणपतीचा तो हॉल होता. दोन वर्षं मला ते डाचत होतं. या बाईंना सगळा गाव 'वाक्य विसरलेली' म्हणून ओळखत होता, आणि तो पडदा मी पाडला होता. मी खिशातून फोन काढला. डब्यात जवळजवळ सगळ्यांचे फोन होते, माझा नव्हता. राखणदाराचा फोन कोण मागणार? चार मिनिटं शूटिंग केलं आणि घरी जाऊन अनघावहिनींना पाठवून दिलं. लिहिलं, "बघा वहिनी, बाई विसरल्या नव्हत्या." मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं मला. त्या संध्याकाळी मी स्वतःला बिअर पाजली.

फोटो काढायचे नाहीत हा बाईंचा एकमेव कडक नियम होता. आत येणारे निम्मे लोक पासवर, कुणी युनिफॉर्मवर. कुणाच्या मालकाने काही पाहिलं तर माणूस थेट विमानात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. नियम लोकांना मीच वाचून दाखवायचो.

वहिनींनी ते कौतुकानेच दहा जणांना पाठवलं असणार, त्यांचा दोष नाही. पण त्यांचे यजमान अभय पाटणकर हे बाईंच्याच कंपनीत, बाईंचेच साहेब. ती रिकामी खुर्ची कुणाची हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव चांगलं वाचता येत होतं. त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "विजया, अगं, आपलीच माणसं जर आपल्याला अशी जगापुढे हसायला लागली, तर बाकीच्यांनी काय म्हणायचं?" ओरडले नाहीत, धमकी दिली नाही. तीन आठवड्यांनी कंपनीने कळवलं, टीम लहान करतोय, तुमच्या पासचं नूतनीकरण होणार नाही. इथे नोकरी गेली की पास जातो, आणि पास गेला की गाशा गुंडाळायचा. बाईंना मुदतीपर्यंतचे सहा आठवडे मिळाले.

पुढच्या रविवारी बाईंनी सगळ्यांना गोल बसवलं. मी दाराशी. शांत आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, "या खोलीतल्या कुणीतरी व्हिडिओ काढला. माझी नोकरी गेली, ते ठीक आहे. पण तुमच्यापैकी कुणाचंही हे होऊ शकलं असतं. कुणी काढला?"

मी डबा मांडीवर धरून बसलो होतो. उठून दोन शब्द बोलायचे होते, बाकी काही नाही. चाळीस वर्षं मी जहाजांवर पोरांना सांगत आलो, चूक झाली तर आधी येऊन सांगा, इंजिन बंद करता येतं. आणि मी मूग गिळून बसलो.

व्हिडिओच्या दिवशी, माझा सोडला तर, आत फोन एकाच माणसाकडे होता. हयातीची आई नर्सिंग होममध्ये होती, कधीही निरोप येईल म्हणून बाईंनीच तिला फोन जवळ ठेवू दिला होता. हे सगळ्यांना माहीत होतं. हळूहळू एकेकाचे डोळे तिच्याकडे वळले. बाईंनीही बघितलं, बराच वेळ. मग म्हणाल्या, "हयाती, यू गो होम."

"आय नेव्हर टेक, चेगू," हयाती म्हणाली. मी नाही काढला. एकदाच म्हणाली. हयाती उठली, माझ्या समोरून बाहेर गेली, खाली बसून बुटांच्या नाड्या बांधल्या. मला म्हणाली, "बाय, अंकल." मी तिला दार उघडून दिलं.

त्यानंतर वर्ग असा राहिलाच नाही. माणसं एकमेकांसमोर काही करून दाखवेनात. उरलेल्या रविवारी चार-पाच जण येत. मी हयातीला फोन लावायचो, दोन-तीनदा वाजून बंद झाला, मग नंबरच बदललेला निघाला. लागला असता तर काय बोललो असतो कोण जाणे.

परवानगी मिळाली होती म्हणून बाई उबीनला जायचंच म्हणाल्या. आम्ही पाच जण निघालो. बोट भरायला माणसं पुरेनात, सायकली घेऊन आलेल्या एका कुटुंबाची वाट बघत बसावं लागलं. धक्क्यावर उतरल्यावर बाई म्हणाल्या, "करा सुरू, ज्याला जे करायचंय ते." कुणी पुढे होईना. सेल्वी म्हणाली, "टीचर, धिस वन हयातीज प्लेस." तेव्हा बाई स्वतः उभ्या राहिल्या आणि दांडा वर करायला लागल्या. हात वर, मान खाली, हात खाली. सायकलवाली पोरं थांबून बघायला लागली, त्यांची आई त्यांना पुढे ओढून घेऊन गेली. पाच-सहा मिनिटांनी बाईंनी हात मधेच सोडून दिला.

"जमत नाही मला," म्हणाल्या. "चला, जेवून घेऊ."

दोन आठवड्यांनी त्या गेल्या. मी विमानतळावर गेलो नाही. गुडघे दुखतायत असं कळवलं.

दीड वर्षाने मी भारतात गेलो तेव्हा चिंचवडला त्यांच्या भावाचं घर शोधून काढलं. आईला अर्धांगवायू झाला होता, भाऊ-भावजय नोकरीवर. बाई घर बघत होत्या. वाळल्या होत्या, केस कापून टाकले होते. भावजय कामावर जायला निघालीच होती. तिने विचारलं, "तुम्ही ताईंच्या ऑफिसातले का?" मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "हो, ऑफिसातले." भावजय गेली. बाईंनी चहा टाकला.

मी फार वेळ घालवला नाही, नाहीतर पुन्हा बोलायचं राहिलं असतं. म्हटलं, "बाई, तो व्हिडिओ मी काढला होता."

त्या चहा गाळत होत्या. गाळून झाला. "माहितीय."

"कधीपासून?"

"पाटणकरांनी दाखवला तेव्हापासून. दाराच्या बाजूने काढलेला होता, आणि तुमच्या उंचीवरून. माझं काम चुका शोधायचं होतं, चीफ."

मला खुर्चीवर बसवेना. "मग हयातीला का काढलंत?"

"खोली तुमच्या नावावर होती." त्यांनी माझ्यासमोर कप ठेवला. "तुम्हाला काढलं असतं तर त्याच दिवशी खोली गेली असती. मला सहा आठवडे होते. मला वाटलं, मी गेल्यावरही तुम्ही खोली चालू ठेवाल, सेल्वी शिकवेल, बाकीची येत राहतील. आणि कुणालाच काढलं नसतं तर एकमेकांवर संशय घेऊन सगळेच गेले असते. कुणीतरी जायला हवं होतं." मग म्हणाल्या, "हयाती भांडणार नाही हे मला ठाऊक होतं. ती कुणाशीच भांडत नाही. आपण तिला तेच तर विसरायला शिकवत होतो, आणि मी नेमकं तेच वापरलं."

इतक्या सरळ आवाजात बोलल्या की मला माझी लाज मांडायला जागाच उरली नाही. त्या दोन वर्षांत या बाईंवर मी जेवढा विश्वास टाकला तेवढा कुठल्याच माणसावर कधी टाकला नव्हता. आणि त्यांना तसं वागायला लावणारा मीच. मी खोली चालू ठेवली नव्हती, हेही त्यांना सांगून टाकलं. बाई गेल्या त्याच महिन्यात मी बुकिंग बंद केलं होतं. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या.

"तिला चिठ्ठी तरी लिहा," मी म्हटलं. "मी शोधून नेऊन देतो. दोघांचं मिळून लिहा, माझंही नाव घाला."

त्यांनी भाच्याच्या दप्तरातून वही काढली, पेन घेतलं. इंग्रजीत 'डिअर हयाती' लिहिलं. मग पेन उचलून माझ्याकडे बघितलं.

"तिचं पूर्ण नाव काय हो?"

मला माहीत नव्हतं.

"वडिलांचं नाव लावतात ते. काय होतं?"

"तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं मला," मी म्हटलं.

"राहायची कुठे?"

"तेही नाही माहीत. गार्ड लोकांना कंपनी सारखी गेटं बदलून देते. कुठली कंपनी तेही आपण कधी विचारलं नाही."

बाई त्या दोन शब्दांकडे बघत राहिल्या. दोन वर्षं दर रविवारी हयाती त्यांच्यापुढे उभी होती. आतून आईने हाक मारली, शब्द नसलेली, नुसता आवाज. बाईंनी ते पान वहीतून जपून फाडलं, चार घड्या घातल्या आणि ओट्याखालच्या केराच्या बादलीत टाकलं.

"आईची कूस बदलायची वेळ झालीय," म्हणाल्या, "तुम्ही चहा घ्या," आणि आत गेल्या.